रोहणा ते पंचटीला : वर्धा जिल्ह्यातील परभाषा-शिक्षणाचा इतिहास

वर्धा जिल्ह्याच्या आर्वी तालुक्यात, पुलगाव आणि आर्वी यांच्यामध्ये रोहणा हे गाव आहे. घरात वऱ्हाडी वळणाची मराठी, बाजारात आणि पुलगावच्या फलाटावर मराठीत मिसळलेली हिंदी, शाळेत पुस्तकी मराठी आणि इंग्रजी अशी इथल्या मुलाची भाषिक दुनिया आहे. तिच्यापलीकडची भाषा शिकायची तर कुठे जायचे, कोणाजवळ बसायचे आणि कोणत्या रीतीने शिकायचे, हा प्रश्न या टापूत दीडशेहून अधिक वर्षे वेगवेगळ्या रूपांत विचारला गेला आहे. त्याची उत्तरे देणाऱ्या माणसांपैकी आणि संस्थांपैकी काही थेट वर्ध्यातल्याच आहेत. एका लहान जिल्ह्यात भाषा शिकण्याच्या इतक्या निरनिराळ्या पद्धती एकाच शतकात आजमावल्या गेल्याचे उदाहरण महाराष्ट्रात क्वचितच सापडेल.

इंग्रजांच्या आधी परभाषा म्हणजे फारसी. १८०३ च्या देवगावच्या तहानंतर वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांच्या हातून गेला आणि निजामाकडे आला. पूर्वेला, म्हणजे आर्वीच्या बाजूला, भोसल्यांचे राज्य राहिले. त्यामुळे हा सगळा पट्टा सरहद्दीचा झाला. फारसी ज्याला दरबारी पत्रव्यवहार करायचा त्याने मुनशीजवळ शिकायची. गावचा पाटील-पांडे मोडी लिपीतल्या मराठीत दप्तर ठेवी, आणि त्या मराठीत फारसी शब्द इतके मुरलेले होते की कामापुरती फारसी त्याला न शिकताच येई. जमीनमहसूल, न्याय, फौज यांतले ते शब्द आजही रोहण्याच्या तलाठी कार्यालयात ऐकू येतात.

१८५३ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले, १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला आणि पुढच्याच वर्षी नागपूर जिल्ह्यातून वर्धा वेगळा काढण्यात आला. फारसीची जागा इंग्रजीने घेतली, आणि भाषा शिकण्याची जागाही बदलली. मुनशी घरी येत असे. इंग्रजीसाठी मात्र घर सोडावे लागले. १८६७ मध्ये मुंबईहून निघालेली रेल्वे पुलगाव, वर्धा करीत नागपूरला पोहोचली. नागपुरात स्कॉटिश मिशनचे हिस्लॉप कॉलेज १८८३ मध्ये आणि मॉरिस कॉलेज १८८५ मध्ये सुरू झाले. नागपूरचे स्वतःचे विद्यापीठ १९२३ पर्यंत नव्हते. तोवर इथल्या पदव्या आधी कलकत्त्याच्या आणि नंतर अलाहाबादच्या विद्यापीठाच्या असत. कापूस वाहून नेण्यासाठी पुलगाव–आर्वी हा अरुंद रुळांचा ३५ किलोमीटरचा फाटा १९१७ मध्ये सुरू झाला आणि त्यावर रोहण्याला स्थानक मिळाले. कापसाच्या गाठींबरोबर मॅट्रिकचे विद्यार्थीही त्याच गाडीने पुलगावला जाऊन मोठ्या गाडीत बसू शकत.

या पद्धतीत इंग्रजी ही एकाच वेळी शिकण्याची भाषा आणि सगळे विषय शिकवण्याची भाषा झाली. गणित इंग्रजीत, इतिहास इंग्रजीत. भाषा पक्की होण्याआधीच तिच्यातून ज्ञान घ्यायचे असल्याने पाठांतर वाढले. खेड्यातून आलेल्या मुलाला याचा मार सर्वांत जास्त बसला, कारण त्याच्या कानावर वर्गाबाहेर इंग्रजीचा एक शब्दही पडत नसे. याच अनुभवातून वर्ध्यात पुढे एक मोठा वाद उभा राहिला.

१९२१ च्या एप्रिलमध्ये विनोबा भावे सत्याग्रहाश्रम चालवण्यासाठी वर्ध्याला आले. जमनालाल बजाज यांच्या आग्रहाने गांधीजी १९३४ मध्ये वर्ध्यात आणि १९३६ मध्ये जवळच्या सेगाव या खेड्यात राहायला गेले. तेच पुढे सेवाग्राम झाले. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याच्या मारवाडी विद्यालयात शिक्षण परिषद भरली आणि तिने झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. या समितीच्या योजनेला वर्धा योजना असे नाव पडले. हस्तोद्योगावर आधारलेले शिक्षण म्हणून ती ओळखली जाते. भाषेच्या दृष्टीनेही ती तितकीच धाडसी होती. सात वर्षांचे मोफत आणि सक्तीचे शिक्षण मातृभाषेतून, त्यात हिंदुस्थानी सर्वांना, आणि इंग्रजी मात्र या सात वर्षांत अजिबात नाही. परभाषा केव्हा सुरू करावी या प्रश्नाला तिने स्पष्ट उत्तर दिले : स्वतःच्या भाषेत विचार करता आणि लिहिता येऊ लागल्यावर. उच्च शिक्षणात हेच तत्त्व आणण्याचा प्रयत्न श्रीमन्नारायण यांनी वर्ध्याच्या वाणिज्य महाविद्यालयात केला.

पुढच्या काळात धोरण नेमके उलट दिशेने गेले. १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात असलेला वर्धा जिल्हा आधी द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. राज्यात इंग्रजी पाचवीपासून शिकवली जाई; २००० च्या जूनपासून ती पहिलीपासून सुरू झाली. ज्या जिल्ह्यात सात वर्षे इंग्रजी नको असे ठरले, त्याच जिल्ह्यातल्या रोहण्याच्या जिल्हा परिषद शाळेत आज सहा वर्षांचे मूल इंग्रजी अक्षरे गिरवते. हा बदल पालकांना हवा होता हे खरे. पण सुरुवात लवकर केली म्हणजे भाषा लवकर येते असे नसते. ती कानावर किती पडते आणि शिकवणाऱ्याला किती येते, यावर सगळे अवलंबून असते, आणि या दोन्ही बाबतीत खेड्यातली शाळा आजही एकटी आहे.

इंग्रजीचा हा वाद शाळेच्या चौकटीतला होता. चौकटीबाहेर, केवळ ओढीने परभाषेमागे गेलेल्या माणसाचे सर्वांत मोठे मराठी उदाहरण म्हणजे धर्मानंद कोसंबी, आणि त्यांच्या आयुष्याचा शेवटही वर्धा जिल्ह्यातच झाला. १८७६ मध्ये गोव्यातल्या साखवाळ येथे जन्मलेल्या कोसंबींचे शालेय शिक्षण फारच थोडे झाले होते. बुद्धाविषयी मराठीत जे थोडे वाचायला मिळाले त्याने ते इतके भारले गेले की १८९९ मध्ये त्यांनी घर सोडले. हेतू एकच : बुद्धाचे म्हणणे मुळातून समजून घ्यायचे. पण ते कोणत्या भाषेत आहे आणि ती भाषा कुठे शिकायला मिळते, हेच त्या वेळी महाराष्ट्रात सांगणारे जवळजवळ कोणी नव्हते.

म्हणून त्यांच्या प्रवासाचे टप्पे म्हणजे एका भाषेचा ठावठिकाणा शोधण्याचा इतिहास आहे. पुण्यात रामकृष्ण गोपाळ भांडारकरांची भेट झाली. काशीत अन्नछत्रात जेवून त्यांनी संस्कृतचा अभ्यास केला. बौद्ध धर्म नेपाळात जिवंत असेल म्हणून ते तिकडे गेले आणि निराश होऊन परतले. बोधगयेला कळले की पाली शिकायची तर सिंहलद्वीपाला जायला हवे. १९०२ मध्ये ते कोलंबोच्या विद्योदय परिवेणात, म्हणजे बौद्ध विद्यालयात, सुमंगल महास्थविरांजवळ पोहोचले. तिथे आणखी एक अडचण उभी राहिली. पालीला स्वतःची अशी लिपी नाही. ग्रंथ सिंहली लिपीत होते, म्हणून आधी ती शिकावी लागली. नंतर ब्रह्मदेशात गेल्यावर तेच ग्रंथ ब्रह्मी लोकांच्या लिपीत वाचावे लागले. एका भाषेसाठी त्यांनी दोन परक्या लिप्या, दोन देशांचे विहार आणि भिक्षूंची दिनचर्या स्वीकारली. व्याकरणाचे पुस्तक घेऊन पुण्यात बसले असते तर पाली वाक्ये उलगडली असती. विहारात राहिल्यामुळे त्या वाक्यांमागचे आचरण त्यांना कळले. त्यांच्या पुढच्या सगळ्या लेखनाला जो ठामपणा आहे तो याच निवडीतून आला.

परतल्यावर त्यांनी आधी कलकत्त्यात शिकवले. पुढे सयाजीराव गायकवाडांच्या मदतीने ते महाराष्ट्रात राहिले आणि मुंबई विद्यापीठात पालीला जागा मिळावी म्हणून झटले. हार्वर्ड विद्यापीठाने ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाच्या संपादनासाठी त्यांना बोलावले, १९१२ नंतर त्यांनी फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवली आणि १९२९ मध्ये ते लेनिनग्राडलाही जाऊन आले. ‘विसुद्धिमग्ग’ची त्यांची देवनागरी आवृत्ती १९४० मध्ये निघाली. जो ग्रंथ वाचण्यासाठी त्यांना समुद्रापार जाऊन लिपी शिकावी लागली, तो आता मराठी वाचकाला बालपणापासून ओळखीच्या अक्षरांत मिळाला. पुढच्या विद्यार्थ्याचा अर्धा प्रवास त्यांनी असा कमी केला. ४ जून १९४७ रोजी सेवाग्राममध्ये अन्नत्याग करून त्यांनी देह ठेवला. त्यानंतर नऊ वर्षांनी, १९५६ मध्ये, नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा दिली आणि पाली हा विदर्भातल्या हजारो घरांचा आपला विषय झाला. बाबासाहेबांनी स्वतः पालीचे व्याकरण आणि शब्दकोश यांवर काम केले होते. आज बारावीला पाली घेता येते, नागपूर विद्यापीठात तिचा स्वतंत्र विभाग आहे. रोहण्याच्या मुलाला आता पालीसाठी कोलंबोला जावे लागत नाही.

कोसंबींची वाट एकट्याची होती. लाखोंना एकाच वेळी एक परप्रांतीय भाषा शिकवण्याची यंत्रणाही वर्ध्यातच उभी राहिली. एप्रिल १९३६ मध्ये हिंदी साहित्य संमेलनाचे अधिवेशन नागपुरात राजेंद्रप्रसादांच्या अध्यक्षतेखाली भरले आणि त्यातून राष्ट्रभाषा प्रचार समिती जन्माला आली. तिचे मुख्यालय वर्ध्याला ठेवण्यात आले. ती वस्ती आज हिंदीनगर म्हणून ओळखली जाते. दक्षिणेत मद्रासची दक्षिण भारत हिंदी प्रचार सभा १९१८ पासून काम करीत होती. बाकीच्या हिंदीतर प्रांतांची जबाबदारी वर्ध्याकडे आली. काका कालेलकर, पुरुषोत्तमदास टंडन, जमनालाल बजाज अशी माणसे तिच्या उभारणीत होती. पुढे भदन्त आनंद कौसल्यायन यांनी तिचे सचिवपद सांभाळले. तेही पालीसाठी श्रीलंकेला जाऊन आलेले भिक्षू, जातककथा हिंदीत आणणारे. परभाषेसाठी देश सोडण्याचा अर्थ त्यांना अनुभवाने ठाऊक होता.

समितीची पद्धत परीक्षांची होती. प्राथमिक, प्रारंभिक, प्रवेश, परिचय, कोविद, रत्न अशी चढती शिडी, ठरलेली पुस्तके, गावोगावच्या शाळांत केंद्रे आणि मानधनाची अपेक्षा न ठेवता शिकवणारे प्रचारक. यात शिकणाऱ्याला कुठेही जावे लागत नव्हते. परीक्षाच त्याच्या गावी येत होती. खेड्यातल्या मुलीला आणि नोकरदाराला यामुळे प्रथमच घर न सोडता एक पदवीसारखी गोष्ट मिळवता आली, आणि त्या प्रमाणपत्राला समाजात मान होता. या पद्धतीने साक्षर हिंदी खूप पसरली. बोलण्याची हिंदी मात्र परीक्षेने दिली असे म्हणता येणार नाही. वर्धा, नागपूर, पुलगाव येथल्या लोकांना ती रेल्वे, गिरणी, बाजार आणि सिनेमा यांनी दिली, आणि तिचे वळण कोविदच्या पाठ्यपुस्तकापेक्षा पार वेगळे आहे.

लिपीच्या प्रश्नावर हे घर दुभंगलेही. राष्ट्रभाषा नागरीत लिहावी की नागरी आणि उर्दू या दोन्ही लिप्यांत, यावर मतभेद वाढले, आणि १९४२ मध्ये गांधीजींच्या पुढाकाराने वर्ध्यातच हिंदुस्थानी प्रचार सभा स्थापन झाली. तिच्या विद्यार्थ्याने दोन्ही लिप्या शिकायच्या होत्या. १९४५ मध्ये गांधीजी हिंदी साहित्य संमेलनातून बाहेर पडले. फाळणीनंतर दोन लिप्यांचा आग्रह मागे पडला. शिकणाऱ्याच्या सोयीने पाहिले तर एक लिपी सोपी होती, पण त्या सोयीत शेजाऱ्याचे साहित्य वाचण्याची वाट बंद झाली. हे नुकसान महाराष्ट्रात आजही भरून निघालेले नाही.

परीक्षेच्या अगदी दुसऱ्या टोकाला विनोबांचा अभ्यास उभा आहे. बडोद्याच्या शाळेत त्यांनी फ्रेंच घेतली होती. संस्कृतसाठी ते १९१७ च्या सुमारास वाईच्या प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठ्यांजवळ राहिले. कुराण आधी भाषांतरातून वाचल्यावर समाधान होईना, म्हणून वर्धा-पवनारच्या मुक्कामात ते अरबीकडे वळले. उच्चार शुद्ध असावेत यावर त्यांचा कटाक्ष होता, कारण ज्यांच्यासाठी तो ग्रंथ पवित्र आहे त्यांच्यासमोर तो म्हणता आला पाहिजे असे त्यांना वाटे. या अभ्यासातून निवडलेल्या वचनांचा ‘रूहुल कुराण’ हा संग्रह १९६२ मध्ये प्रसिद्ध झाला. १९४२ च्या आंदोलनात त्यांना वेल्लोरच्या तुरुंगात नेले गेले. तिथे तमिळ, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या चारही भाषा त्यांनी एकदमच हाती घेतल्या. भाषा शिकण्याच्या नेहमीच्या सल्ल्याच्या हे उलट आहे. एक पुरी झाल्याशिवाय दुसरी सुरू करू नये असेच सगळे सांगतात. पण या चार भाषा एकाच कुळातल्या आहेत. एकीतला शब्द दुसरीत कसा बदलतो हे पाहत गेले तर चारही एकमेकींना आधार देतात. सोबती कैद्यांमध्ये त्या भाषा बोलणारे होते, वेळ भरपूर होता आणि बाहेर जाण्याची सोय नव्हती. तुरुंगाचेच त्यांनी गुरुकुल केले.

या अभ्यासाचा उपयोग १९५१ नंतर भूदानाच्या पदयात्रेत झाला. चालता चालताही शिकणे सुरूच राहिले. यात्रेत येऊन मिळालेल्या परदेशी पाहुण्यांकडून त्यांनी जर्मन आणि जपानी यांचे धडे घेतले. विनोबांच्या पद्धतीत दोन गोष्टी कायम दिसतात : आधी लिपी, आणि लगेच त्या भाषेतला संतांचा किंवा धर्माचा एखादा ग्रंथ. शब्दसंग्रह त्यामुळे प्रौढ आणि जुन्या वळणाचा होई, पण गावात शिरल्यावर त्या प्रांताच्या संतकवीचे पद तोंडी असणे हीच त्यांच्या कामाची खरी गरज होती, आणि ती या रीतीने पुरी झाली.

सेवाग्राममध्ये उलटा प्रवाहही होता. बाहेरून येणाऱ्यांना इथली भाषा शिकावी लागे. १९२५ मध्ये इंग्लंडहून आलेल्या मीराबेन पुढे वर्ध्यात आणि सेवाग्रामात राहिल्या. मार्जरी साइक्स १९२८ मध्ये मद्रासला शिक्षिका म्हणून आल्या, तिथे तमिळ शिकल्या, शांतिनिकेतनात बंगाली शिकल्या आणि स्वातंत्र्यानंतर सेवाग्रामला नयी तालीमच्या, म्हणजे वर्धा योजनेच्या शिक्षणाच्या, कामात आल्या. फुजी निचिदात्सू हे जपानी बौद्ध भिक्षू १९३३ मध्ये वर्ध्याला आले आणि त्यांचा जपानी मंत्र आश्रमाच्या रोजच्या प्रार्थनेत आला. तो मंत्र, कुराणातल्या आयती, अवेस्तातली गाथा, संस्कृत श्लोक आणि मराठी अभंग एकाच बैठकीत म्हटले जात. रोज ऐकून म्हणणे म्हणजे भाषा येणे नव्हे, हे उघड आहे. पण परक्या ध्वनींना जीभ घाबरत नाही, ही पहिली पायरी त्या प्रार्थनेत आपोआप ओलांडली जाई, आणि शाळेत नेमकी हीच पायरी वगळली जाते.

जानेवारी १९७५ मध्ये राष्ट्रभाषा प्रचार समितीने नागपुरात पहिले विश्व हिंदी संमेलन भरवले. इंदिरा गांधींनी उद्घाटन केले. मॉरिशसचे पंतप्रधान शिवसागर रामगुलाम अध्यक्ष होते. हिंदीचे एक आंतरराष्ट्रीय विद्यापीठ वर्ध्यात असावे, ही मागणी तिथे मांडली गेली. ती पुरी व्हायला दोन दशकांहून अधिक काळ गेला. संसदेने केलेल्या कायद्याने महात्मा गांधी अंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय १९९७ च्या अखेरीस अस्तित्वात आले, अशोक वाजपेयी पहिले कुलगुरू झाले आणि वर्ध्याजवळच्या पंचटीला या टेकड्यांवर त्याचा परिसर उभा राहिला.

या विद्यापीठामुळे जिल्ह्यात प्रथमच दोन्ही दिशांची सोय एका ठिकाणी झाली. चीन, थायलंड, श्रीलंका अशा देशांतले विद्यार्थी इथे हिंदी शिकायला येतात, आणि इथल्या मुलांसाठी चिनी, जपानी, स्पॅनिश, फ्रेंच यांचे अभ्यासक्रम आहेत. हिंदी शिकायला मराठी मुलखात का यावे, असा प्रश्न परदेशी विद्यार्थ्याला पडणे साहजिक आहे. आवाराबाहेर पडले की रिक्षावाला, भाजीवाली, चहावाला मराठी बोलतात, आणि परक्याशी बोलताना जी हिंदी वापरतात ती वऱ्हाडी हेलाची असते. पण वसतिगृहात बिहार, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश इथून आलेली मुले असतात, आणि खरी शाळा तीच ठरते. या रचनेत एक फायदाही आहे. हिंदी देशभर किती रूपांत बोलली जाते हे वर्ध्यात शिकणाऱ्याला पहिल्या महिन्यातच कळते. अलाहाबादेत बसून ते उशिरा कळले असते.

स्थानिक विद्यार्थ्याने परदेशी भाषा शिकताना जपानी किंवा चिनी बोलणारा सोबती कोठून आणायचा, ही अडचण मोठी आहे. तिचे उत्तर पंचटीलावरच चालते-फिरते आहे. हिंदी शिकायला आलेली चिनी मुले आणि चिनी शिकणारी मराठी मुले एकाच आवारात राहतात; त्यांनी रोज तासभर एकमेकांची भाषा बोलायची ठरवली तर दोघांनाही परदेशी जाण्याचा निम्मा लाभ घरबसल्या मिळेल. वेळापत्रकात याला जागा मिळायला हवी, केवळ मैत्रीवर ते सोडू नये.

जिल्ह्याबाहेरची जुनी केंद्रे म्हणजे पुण्याचे रानडे इन्स्टिट्यूट, जिथे विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे, मुंबई-पुण्यातली माक्स म्युलर भवने आणि आलियाँस फ्रांसेज, हैदराबादचे इंग्रजी व परकीय भाषांचे केंद्रीय विद्यापीठ आणि दिल्लीचे जवाहरलाल नेहरू विद्यापीठ. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून या शिक्षणात प्रमाणपत्रांची एक नवी भाषा आली. युरोपीय भाषांसाठी ए-१ ते सी-२ या सहा पातळ्या २००१ पासून रूढ झाल्या. १९८४ मध्ये सुरू झालेल्या जपानी प्रावीण्य परीक्षेला २०१० पासून एन-५ ते एन-१ अशा पाच पातळ्या आहेत. वर्ध्याच्या राष्ट्रभाषा परीक्षांसारखीच ही शिडी आहे, आणि तिची मर्यादाही तीच. जपानी प्रावीण्य परीक्षेत बोलण्याची चाचणीच नाही. वाचन आणि श्रवण यांवर ती उत्तीर्ण होता येते. म्हणून कंपनीला एन-३ चे प्रमाणपत्र दाखवणारा उमेदवार मुलाखतीत गप्प बसल्याचे दिसते. जर्मन आणि फ्रेंच परीक्षांत मात्र प्रत्येक पातळीवर बोलणे तपासले जाते. ज्याला नोकरीसाठी परदेशी जायचे आहे त्याने वर्ग निवडण्याआधी त्या प्रमाणपत्रात काय मोजले जाते ते पाहणे म्हणूनच आवश्यक आहे. ज्याला त्या भाषेतले साहित्य किंवा शास्त्र वाचायचे आहे, त्याला हा मापदंड लागू नाही. त्याने कोसंबींप्रमाणे ग्रंथ जिथे शिकवला जातो ते ठिकाण शोधावे.

२०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी करार केला. दहा हजार कुशल कामगार पाठवण्याचे उद्दिष्ट त्यात ठेवले गेले, आणि त्यासाठी लागणारी जर्मन भाषा शासनाने शिकवायची असे ठरले. परिचारिका, वीजतंत्री, गाडी दुरुस्त करणारे अशा लोकांसाठी परभाषा प्रथमच सरकारी योजनेतून तालुक्यापर्यंत पोहोचण्याची शक्यता निर्माण झाली. जर्मन शिकवणारी माणसे मात्र मुख्यतः पुण्या-मुंबईत आहेत. आर्वी किंवा पुलगावच्या आयटीआयमधल्या मुलाला पडद्यावरचा वर्ग मिळू शकतो. समोर बसून त्याचा उच्चार दुरुस्त करणारा शिक्षक मिळण्यासाठी त्याला आजही गाडीत बसून नागपूर किंवा पुणे गाठावे लागते.